घरची पवनचक्की आणि जोयड्याचा वारा

काळी नदीच्या खोऱ्यात सुपा, नागझरी, कोडसळ्ळी आणि कद्रा इथली जलविद्युत केंद्रे आणि कैगाचा अणुप्रकल्प मिळून दोन हजार मेगावॅटहून अधिक क्षमता उभी आहे. याच खोऱ्याचा वरचा भाग म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा तालुका. सुपा धरणात जुने सुपा गाव गेले, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली आणि विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे रामनगरला वसली. सुमारे १,९०० चौरस किलोमीटरचा हा तालुका. २०११ च्या जनगणनेत माणसे पन्नास हजारांच्या आसपास. बाकी सगळे जंगल, त्यातले बरेचसे काळी व्याघ्र प्रकल्पात. कुणबी आणि इतर शेतकऱ्यांच्या वाड्या या जंगलात विखुरलेल्या आहेत. एका वाडीत पाच-सात घरे, पुढची वाडी डोंगरापलीकडे. अशा ठिकाणी विजेची तार उशिरा पोचते, आणि पोचली तरी पावसाळ्यात झाड आडवे झाले की दुरुस्तीवाल्यांना तिथवर यायलाच दिवस लागतात.

मग आपल्या घरापुरती वीज आपणच का करू नये, हा प्रश्न साहजिक आहे. जून-जुलैत डोक्यावरून घोंघावणारा वारा ऐकणाऱ्याला त्याचे उत्तर पवनचक्कीत दिसावे, हेही तितकेच साहजिक. छोट्या पवनचक्कीचा हा विषय आज कुठवर आला आहे, त्याविषयी कोण काय म्हणते आणि जोयड्यासारख्या मुलखात त्यातले काय लागू पडते, याचा हा आढावा.

मागचा इतिहास

वाऱ्यावर घरची वीज करण्याची कल्पना विजेच्या दिव्याइतकीच जुनी आहे. अमेरिकेत क्लीव्हलँड इथे चार्ल्स ब्रश यांनी १८८८ मध्ये आपल्या बंगल्यामागे १७ मीटर व्यासाची पवनचक्की उभारली. तिला १४४ पाती होती, निर्मिती १२ किलोवॅट, आणि तळघरात बॅटऱ्यांची रांग. डेन्मार्कमध्ये आस्कोव्ह इथल्या लोकशाळेत पॉल ला कूर यांनी १८९१ पासून हाच प्रयोग खेड्यांसाठी केला. पुढे अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात, जिथे शेजारचे घर मैलभर दूर असे, तिथे जेकब्स बंधूंच्या कंपनीने १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून हजारो पवनचक्क्या शेतघरांवर बसवल्या. रेडिओ, दिवे, पाण्याचा पंप एवढे त्यांवर चाले. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानंतर सरकारी कर्जाने तारा शेतापर्यंत आल्या आणि हा धंदा वीसेक वर्षांत बसला. चक्कीत खोट होती असे नाही. तारेची वीज स्वस्त पडत होती, आणि ती वारा पडला तरी येत होती. घरगुती पवनचक्कीच्या भवितव्याची चर्चा आजही बरीचशी याच मुद्द्याभोवती फिरते.

आपल्याकडे सुरुवात पाण्याच्या पंपापासून झाली. बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९६० च्या दशकात पाणी उपसणारी पवनचक्की तयार करून देशात काही ठिकाणी बसवली. वाऱ्याची नोंद पद्धतशीर गोळा करण्याचे मोठे श्रेय हवामानशास्त्रज्ञ अॅना मणी यांना जाते. त्यांनी डी. ए. मुळे यांच्यासह केलेले देशभरच्या वाऱ्याच्या आकडेवारीचे पुस्तक १९८३ मध्ये आले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९८६ मध्ये, रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरिन इथे ५५ किलोवॅटच्या यंत्रांनी भारतातली मोठ्या पवनऊर्जेची वाटचाल सुरू झाली. साताऱ्याकडचे वनकुसवडे आणि चाळकेवाडीचे पठार, धुळ्याचे ब्राह्मणवेल, कर्नाटकात गदग, चित्रदुर्ग आणि सौंदत्ती हे मराठी वाचकाला ओळखीचे टप्पे त्याच वाटेवरचे.

छोट्या यंत्रांची गोष्ट वेगळी झाली. केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा खात्याने छोट्या पवनचक्क्या आणि पवन-सौर संचांसाठी अनेक वर्षे अनुदान दिले. २०१० च्या सुमारास ते किलोवॅटमागे एक ते दीड लाख रुपये होते. यंत्राची किंमत त्या काळी किलोवॅटमागे दोन ते अडीच लाख धरली जाई. महाराष्ट्रात महाऊर्जा या सरकारी संस्थेने योजना उचलून धरली, पुण्यात युनिट्रॉनसारखे उत्पादक उभे राहिले, आणि देशातल्या अशा संचांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा राहिला. तरीही २०१७ पर्यंत साऱ्या देशातल्या छोट्या पवनचक्क्या आणि पवन-सौर संच मिळून क्षमता भरली ती तीन मेगावॅटच्या थोडी पुढे. आज एकटी मोठी पवनचक्की तेवढ्या क्षमतेची असते. बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर ते अनुदानही आटोपले.

वाऱ्याचे गणित

तीन मेगावॅटच्या या तोकड्या आकड्यामागे एक साधे गणित आहे आणि ते समजल्याशिवाय पुढची कोणतीही बाजू नीट तोलता येत नाही. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट, वेग निम्मा झाला तर आठव्या हिश्शावर. दुसरी गोष्ट, पाती फिरताना जेवढे वर्तुळ व्यापतात तेवढाच वारा हाती लागतो. आणि त्यातलीही सगळी ताकद काढून घेता येत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ च्या सुमारास दाखवलेली मर्यादा ५९.३ टक्क्यांची आहे. घरगुती यंत्राच्या पदरात, सगळा तोटा वजा जाता, वीस ते तीस टक्के पडतात.

दोन मीटर व्यासाची चक्की घेऊ. सेकंदाला १० मीटर वाऱ्यात ती पावणेपाचशे वॅटच्या आसपास देईल. ५ मीटर वाऱ्यात साधारण ६० वॅट. आणि ३ मीटर वाऱ्यात, म्हणजे झाडाची पाने सतत हलत राहतील अशा वाऱ्यात, जेमतेम १३ वॅट. एका एलईडी बल्बला थोडे जास्त, एवढेच. वारा सतत कमीजास्त होत असल्याने प्रत्यक्ष सरासरी या आकड्यांच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते, कारण झोताचा वारा घनाच्या हिशेबाने भरपाई करतो. तरीही ३ मीटर सरासरीच्या जागी दिवसाला अर्धे-पाऊण युनिट आणि ५ मीटर सरासरीच्या जागी अडीच युनिटांच्या आसपास, हा फरक राहतोच. वाडीतल्या साध्या घराला चार-पाच दिवे, एक पंखा, टीव्ही, मोबाइल आणि थोडा मिक्सर यांसाठी दिवसाला सुमारे एक युनिट लागते. फ्रिज आला की दोन. याचा अर्थ असा की सेकंदाला दोन मीटरच्या फरकात तीच चक्की घर चालवते किंवा चालवत नाही.

कारखान्याच्या कागदावर यंत्राची क्षमता लिहिलेली असते ती बहुधा सेकंदाला ११ ते १२ मीटर वाऱ्यातली. ‘एक किलोवॅट’ म्हणून घेतलेली चक्की बहुतेक दिवस त्याच्या दहाव्या हिश्शावरही नसते, याचे कारण हेच. गिऱ्हाइकाने वॅट विचारू नयेत, पात्याचा व्यास विचारावा.

नेदरलँड्समधल्या शूनडायके इथे २००८-०९ मध्ये एकाच मैदानात वेगवेगळ्या छोट्या पवनचक्क्या शेजारी शेजारी लावून वर्षभर मोजल्या गेल्या. सरासरी वारा ३.८ मीटर. पाच मीटर व्यासाच्या मोंटानाने वर्षात २,६९१ युनिटे दिली. एक मीटर व्यासाच्या एनर्जी बॉलने ७३. दोन्ही यंत्रे विकली जात होती, दोघांच्याही माहितीपत्रकात घरगुती वीज असेच लिहिलेले होते. इंग्लंडच्या वॉरिक चाचणीत २००७ पासून इमारतींवर बसवलेल्या २६ यंत्रांची नोंद घेतली गेली. बंद पडलेले दिवस धरून एका यंत्राची सरासरी निघाली दिवसाला २१४ वॅट-तास, पाव युनिटाच्याही खाली. छपरावरचा वारा भिंती-पाख्यांना आपटून भोवरे घेत येतो. पाती त्याच्याकडे तोंड करेपर्यंत त्याने दिशा बदललेली असते. या दोन मोजण्यांनंतर युरोपात छपरावरच्या पवनचक्कीचा उत्साह ओसरला.

जोयड्यात वारा कुठे आहे

घाटमाथ्याचा हा भाग नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या वाटेवर आहे. जून ते ऑगस्ट वारा जोरात असतो. मार्च ते मे या काळात दुपारनंतर समुद्राकडचा वारा घाट चढून येतो. ऑक्टोबरपासून मात्र तो पडतो. हिवाळ्यातल्या रात्री आणि धुक्याच्या सकाळी दऱ्यांतून पान हलत नाही. वर्षाच्या सरासरीत हे सगळे मिसळते, आणि सरासरी पाहून खरेदी करणारा नेमका डिसेंबरात फसतो.

दुसरी अडचण उंचीची. राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेने १२० मीटर उंचीवर देशाची क्षमता ६९५ गिगावॅट आणि कर्नाटकाची त्यातली १२४ गिगावॅट धरली आहे. हे आकडे भाषणांत फार येतात. पण १२० मीटरवरचा वारा आणि घराच्या खांबावरचा १५ मीटरवरचा वारा यांचा संबंध मोकळ्या पठारावर जुळवता येतो, जंगलात नाही. ऐन, किंदळ, जांभा, साग यांचे पंचवीस मीटरचे रान वाऱ्याला वरूनच अडवते. आषाढात शेंड्यांवरून गर्जना चाललेली असते आणि खाली अंगणातल्या तुळशीपुढचा दिवा विझत नाही, हे इथल्या घराघरांत दिसणारे चित्र आहे. वाऱ्याचा वेग शेंड्यांशी मोजायचा की दिव्याशी, यावर सगळा हिशेब ठरतो.

जगभर मानला जाणारा नियम असा की पात्याचे खालचे टोक दीडशे मीटरच्या परिसरातल्या कोणत्याही अडथळ्याहून निदान दहा मीटर वर असावे. पंचवीस मीटरच्या झाडांत याचा अर्थ पस्तीस मीटरहून उंच मनोरा. त्याला चारी बाजूंनी ताण हवेत, आणि ताणांचे खुंटे खांबाच्या निम्म्या उंचीइतक्या अंतरावर. एवढी मोकळी जागा वाडीत भाताच्या खाचराशिवाय कुठे नसते, आणि खाचर दरीच्या तळाला असते. सुपारीच्या बागेत तर प्रश्नच नको.

मोकळे माथे जोयड्यात अजिबात नाहीत असे नाही. गोव्याच्या हद्दीकडे कॅसल रॉकच्या बाजूला, अणशी घाटाच्या तोंडाशी, आणि जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यांवर वारा थेट लागतो. प्रश्न असा की तिथे घरे फार थोडी आहेत, आणि माथ्यावर तयार झालेली कमी दाबाची वीज एखाद-दुसरा किलोमीटर खाली आणायची तर तांब्याच्या तारेचा खर्च चक्कीइतका होतो.

वाऱ्याच्या बाजूचे म्हणणे

एवढे असूनही छोट्या पवनचक्कीची बाजू घेणारे लोक अभ्यासू आहेत आणि त्यांचे म्हणणे हलके नाही.

त्यांचा पहिला मुद्दा ऋतूंचा. सौर पाटी जेव्हा झोपते तेव्हाच इथला वारा जागा होतो. जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेले असते, पाटीची वीज निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते, आणि बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय राहून राहून लवकर मरते. वारा रात्रीही असतो. म्हणून सौर आणि पवन एकत्र असावेत, म्हणजे दोन्ही यंत्रे लहान चालतात आणि बॅटरीही लहान पुरते. हा तर्क पक्का आहे, आणि सरकारी योजनेत पवन-सौर संचाला स्थान मिळाले ते याच कारणाने.

दुसरा मुद्दा हातच्या कसबाचा. स्कॉटलंडच्या स्कोरेग या रस्ता नसलेल्या वस्तीवर राहणारे ह्यू पिगट १९७० च्या दशकापासून स्वतः पवनचक्क्या बनवत आले आहेत. त्यांची रचना आता अनेक देशांत पोचली आहे. आपल्याकडे ऑरोव्हिलमधल्या मिनवायू या गटाने तिच्यावर काम केले. ही चक्की जवळून पाहण्याजोगी आहे. लाकडाची तीन पाती, रंधा आणि पटाशीने तासलेली, मुळाशी रुंद आणि टोकाला पातळ, किंचित पीळ दिलेली. त्यांच्यामागे पोलादाच्या दोन चकत्या, त्यांवर निओडिमियमचे चुंबक गोलाकार चिकटवलेले. दोन चकत्यांच्या मध्ये, हाताच्या नखाएवढ्या फटीत, राळेत ओतून घट्ट केलेल्या तांब्याच्या गुंडाळ्या. मागची शेपटी तिरप्या बिजागरीवर टांगलेली असते. वारा फार झाला की पाती बाजूला वळतात, शेपटी उचलली जाते, आणि वारा कमी झाला की ती आपल्याच वजनाने परत खाली येऊन पात्यांना वाऱ्यासमोर आणते. ना गिअर, ना संगणक. गावातल्या सुताराला आणि वेल्डिंगवाल्याला ती दुरुस्त करता येते, हे समर्थकांचे सर्वांत बळकट म्हणणे. जोयड्यात लाकडाची जाण असणाऱ्यांची वाण नाही.

तिसरा मुद्दा नव्या यंत्रांचा. उभ्या आसाच्या चक्क्या, ज्यांना वाऱ्याकडे वळावे लागत नाही, त्या शहरांत पुन्हा दिसू लागल्या आहेत. २०१६ च्या सुमारास केरळातल्या एका नवउद्योगाने आयफोनच्या किमतीत घराला पुरेल एवढी वीज देणारी चक्की जाहीर केली आणि वर्तमानपत्रांनी तिला भरपूर जागा दिली. या यंत्रांबाबत मला एवढेच म्हणावेसे वाटते की घनाचा नियम आणि वर्तुळाचे क्षेत्रफळ आस उभा केला म्हणून बदलत नाही. उभ्या आसाची यंत्रे तेवढ्याच क्षेत्रात सहसा कमीच वीज देतात. त्यांचा आवाज कमी असू शकतो, दिसायला त्या सुबक असतात. हे गुण जंगलातल्या घराला फारसे उपयोगी नाहीत.

सौर आणि तार यांची बाजू

सौर ऊर्जेच्या बाजूने मुख्य वकिली किंमत करते. गेल्या पंधरा वर्षांत पाट्या इतक्या स्वस्त झाल्या की छपरावरचा सौर संच किलोवॅटमागे पवनचक्कीच्या पाव किमतीत बसतो. २०२४ च्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तीन किलोवॅट व पुढे मिळून ७८,००० रुपये अनुदान आहे. पाटीला फिरणारा भाग नाही, बेअरिंग नाही, वंगण नाही. पावसाळ्यात निम्मी वीज मिळते ना, मग दुप्पट पाट्या लावा. तरीही पवनचक्कीपेक्षा खर्च कमी, असा त्यांचा रोखठोक हिशेब. मोकळ्या जागेवरच्या घराला तो बहुतांशी बरोबर आहे. मात्र दाट सावलीतल्या घराला नाही. आणि सूर्यघर योजना तारेला जोडलेल्या छपरांसाठी आहे. जिथे तारच नाही त्या वाडीला तिचा लाभ होत नाही.

तारेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा न्यायाचा आहे. ज्या खोऱ्याने गाव, शेते आणि जंगल देऊन राज्याला वीज दिली, तिथल्या घरांना बॅटरी सांभाळत बसायला का सांगावे? शहरातल्या माणसाने बटण दाबावे आणि कुणब्याने चक्कीचे ताण आवळावेत, ही कुठली वाटणी? २०१७ च्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांना २०० ते ३०० वॅटच्या पाट्या, पाच दिवे, एक पंखा असा संच दिला जात होता. तो तात्पुरता उपाय म्हणून ठीक, कायमचा म्हणून नाही, असे ते म्हणतात. शिवाय कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेखाली महिन्याला २०० युनिटांपर्यंतची घरगुती वीज मोफत आहे. हुबळीच्या हेस्कॉम या वीज कंपनीची जोडणी ज्या घरात आहे, त्याने स्वतःच्या पैशाने पवनचक्की उभारण्याला आर्थिक अर्थ उरत नाही. उरतो तो फक्त वीज गेल्यावरचा प्रश्न, आणि एखाद-दुसऱ्या दिवसापुरते त्याला एक इन्व्हर्टर आणि बॅटरी पुरते.

तार न्यायची तर जंगलाची परवानगी लागते, आणि इथेच वर्षे जातात. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावाच्या गरजेच्या तेरा सोयींसाठी, एक हेक्टरपर्यंत आणि हेक्टरी पंचाहत्तरहून जास्त झाडे तोडावी लागत नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमीन देण्याची तरतूद आहे. त्या यादीत विजेच्या तारा आहेत, आणि अपारंपरिक ऊर्जेची साधनेही आहेत. या तरतुदीची माहिती वाड्यांवर पोचणे, हे कोणत्याही यंत्राइतकेच महत्त्वाचे काम आहे.

ओहोळाची बाजू

पश्चिम घाटात चर्चा इथवर आली की एक चौथी बाजू पुढे येते, आणि माझ्या मते जोयड्यापुरती ती सर्वांत बळकट आहे. वारा जोराचा असतो त्याच महिन्यांत डोंगरातून ओहोळही वाहतात. मग वाऱ्याऐवजी पाण्यावरच छोटे यंत्र का लावू नये? पिको हायड्रो म्हणजे पाच किलोवॅटपर्यंतचे जलविद्युत यंत्र. केंद्राच्या पाणचक्की आणि सूक्ष्म जलविद्युत योजनेचा लाभ उत्तराखंड, नागालँड आणि कर्नाटक यांनी विशेष घेतला. कर्नाटकातले संच मुख्यतः मलनाडच्या डोंगरी जिल्ह्यांत आहेत.

हिशेब पवनचक्कीपेक्षा सोपा. सेकंदाला १० लिटर पाणी आणि २० मीटर उतार असेल तर जवळपास दोन किलोवॅट ताकद होते. निम्मा तोटा धरला तरी एक किलोवॅट हाती राहते. दिवसरात्र चालले तर २४ युनिटे. दोन मीटरची चक्की चांगल्या जागी देईल त्याच्या नऊ-दहापट. घर एक असो वा पाच, पुरून उरते.

मोजणीसाठी यंत्रही नको. ओहोळाचे पाणी एका पन्हळीतून वळवायचे आणि वीस लिटरचा डबा किती सेकंदांत भरतो ते पाहायचे. दोन सेकंदांत भरला तर दहा लिटरचा प्रवाह. उतार पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी धरत मोजता येतो. वर बंधाऱ्याऐवजी दगडांची छोटी आड, तिथून चार इंची पीव्हीसी नळ, खाली पत्र्याच्या खोपीत नोझल आणि वाटीसारख्या पात्यांचे पेल्टन चाक. वीज वापरात नसेल तेव्हा भार-नियंत्रक ती पाण्याच्या पिंपातल्या हीटरकडे वळवतो, म्हणजे चाक सुसाट होत नाही आणि आंघोळीचे पाणीही तापते. बॅटरीची गरज जवळजवळ संपते. पाणी परत ओहोळातच जाते.

उणीव अशी की डिसेंबर-जानेवारीनंतर बहुतेक ओहोळ आटतात. पण तेव्हा ऊन लख्ख असते आणि सौर पाटी भरात येते. म्हणजे पवन-सौर जोडीमागचा तर्क इथेही तसाच लागू होतो, फक्त वाऱ्याच्या जागी पाणी येते आणि ते जास्त भरवशाचे असते. पाऊस लांबला, ओहोळ गाळाने भरला, वरच्या शेतकऱ्याने पाणी वळवले, या अडचणी आहेतच. पाच घरांत एक यंत्र असेल तर ते साफ कोणी करायचे, हा प्रश्न यंत्राच्या नळापेक्षाही लवकर तुंबतो.

अजून न सुटलेले

पहिला न सुटलेला प्रश्न मोजणीचा. मोठ्या पवन प्रकल्पांसाठी मनोरे उभारून वर्षानुवर्षे वारा मोजला जातो. घराच्या उंचीवरचा, जंगलातला वारा कोणी पद्धतशीर मोजत नाही. जागतिक पवन नकाशासारखी संकेतस्थळे १० मीटर उंचीचाही अंदाज देतात, पण तो अंदाज झाड, कडा आणि वळणदार दरी यांच्या तपशिलात शिरत नाही. जोयड्यातल्या दोन शेजारच्या वाड्यांत सरासरी वेगाचा फरक दुप्पट असू शकतो, आणि वर पाहिलेल्या गणिताने विजेचा फरक आठपट.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. इथला पाऊस आणि दमट हवा लोखंड खाते. निओडिमियमचे चुंबक राळेत नीट झाकले नाहीत तर फुगून गुंडाळीला घासतात. पावसाच्या धारांनी पात्याची पुढची कड झिजते. एप्रिल-मेच्या वळिवात वीज उंच खांबावरच पडणार, म्हणून भूसंपर्क आणि विजेचा निरोधक यांवरचा खर्च टाळता येत नाही. तंत्रज्ञ हुबळी किंवा बेळगावहून यायचा. अशा हवेत छोटी पवनचक्की किती वर्षे टिकते, याचा विश्वासार्ह अनुभव घाटमाथ्यावर अजून गोळा व्हायचा आहे. आंतरराष्ट्रीय मानकात २०० चौरस मीटरपर्यंतच्या यंत्रांसाठी सुरक्षिततेचे नियम आहेत आणि तमिळनाडूतल्या कायथार इथे चाचणीची सोय आहे. बाजारातली सर्व यंत्रे त्यातून गेलेली नसतात. घेणाऱ्याने चाचणीचा कागद मागावा.

तिसरा प्रश्न वन्यजीवांचा. धनेश पक्ष्यांसाठी दांडेली-जोयड्याचे जंगल प्रसिद्ध आहे. शेजारच्या खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहेत राउटनचे दुर्मीळ वटवाघूळ आहे. मोठ्या पवनचक्क्यांच्या पात्यांनी वटवाघळे मरतात हे अनेक देशांत नोंदले गेले आहे. दोन मीटरच्या चक्कीचा धोका त्या मानाने फार लहान, पण जंगलाच्या शेंड्यांवर उंचावलेल्या चक्क्या दहा-वीस झाल्या तर काय, याचे उत्तर अभ्यासाशिवाय देता येणार नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत तर अभ्यासाआधी परवानगी मिळू नये, हेच रास्त.

शेवटचा प्रश्न पैशाचा. पवनचक्कीचे अनुदान गेले, पिको हायड्रोचे लाभार्थी मोजके, सौरचे अनुदान तारेवाल्यांना. तारेबाहेरच्या घराला स्वतःच्या जागेला योग्य ते साधन निवडू देईल अशी एकत्र योजना नाही. साधन सरकारने ठरवायचे की घराने, हा धोरणाचा मूळ प्रश्न तसाच आहे.

आज काय करता येईल

ज्या घराला हेस्कॉमची जोडणी आहे त्याने पवनचक्कीच्या वाटेला जाऊ नये. ज्याच्या परड्यामागून पौष महिन्यापर्यंत ओहोळ वाहतो आणि पंधरा-वीस मीटर उतार आहे, त्याने आधी पाणी मोजावे आणि उन्हाळ्यासाठी लहान सौर संच जोडावा. ओहोळ नाही पण घर उघड्या सड्यावर किंवा घाटाच्या कडेला आहे, अशांसाठीच पवनचक्की विचारात घेण्याजोगी आहे, तीही सौरच्या जोडीने आणि तीन मीटरपेक्षा कमी व्यासाची नको. अशी घरे या तालुक्यात थोडी आहेत, पण आहेत.

आणि त्यांनी यंत्राआधी वारा मोजावा. कप-अॅनिमोमीटर आणि नोंदयंत्र चक्कीच्या मानाने फार स्वस्त पडते. ज्या उंचीवर चक्की लावायची त्याच उंचीच्या बांबूवर किंवा नळावर ते वर्षभर ठेवावे. वर्षाची सरासरी साडेचार मीटरच्या खाली आली तर विषय तिथेच सोडावा. हे काम एकेका घराने करण्यापेक्षा ग्रामपंचायतींनी आणि तालुक्यातल्या महाविद्यालयांच्या विज्ञान विभागांनी मिळून करावे: कॅसल रॉक, अणशी, उळवी, कुंभारवाडा, रामनगर अशा वेगवेगळ्या ठिकाणी वारा आणि जवळच्या ओहोळांचे पाणी, दोन्ही एकदमच. एका चांगल्या पवनचक्कीच्या खर्चात ही मोजणी होईल, आणि तिचे आकडे पंचायतीच्या फलकावर सगळ्यांसाठी खुले असावेत. येत्या मिरगाच्या आधी ती सुरू करावी, कारण पावसाळ्याचे महिने हुकले की वर्ष हुकते.